शेमोथमधली दासी आणि नाईलकाठची तामुत



आपण पाराशा यिथ्रो वाचतो तेव्हा सिनाईवरचा गडगडाट ऐकतो, दहा आज्ञांच्या वेळी सारा कहाल उभा राहतो. पुढच्याच शब्बाथला पाराशा मिश्पातीम येतो आणि त्यातला पहिलाच कायदा असतो गुलामाचा. नुकत्याच मित्सराइममधून सुटलेल्या लोकांना प्रथम हे सांगितले जाते की तुमच्या घरी इब्री दास असेल तर सहा वर्षे काम करून घ्या, सातव्या वर्षी फुकट मोकळा करा. पण त्यापुढे काही ओळींवर बाप आपल्या मुलीला दासी म्हणून विकतो, आणि तिचे नियम मात्र वेगळे. तिला दासासारखे जाता येत नाही. हे वाचताना आमच्यातल्या कित्येक बायकांनी मनातल्या मनात विचारले असेल की असे का?

उत्तर शोधायचे तर त्या काळी शेजारीपाजारी काय चालले होते ते पाहावे लागते.

बाबेलचा राजा हम्मुराबी याचा काळ इ.स.पू. अठराव्या शतकातला. त्याच्या कायद्यांचा काळा दगड फ्रेंच उत्खननकारांना १९०१-०२ साली सापडला तो शूशान शहरात, म्हणजे आपल्या एस्तेरच्या मगिल्लातल्या शूशानमध्ये. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात लिहिले आहे की दुसऱ्याच्या गुलामाचा डोळा फोडला तर त्याच्या किमतीची निम्मी रक्कम भरावी. ही रक्कम मिळणार मालकाला. डोळा ज्याचा गेला त्याला काही नाही! शेमोथच्या एकविसाव्या अध्यायात मालकाने स्वतःच्याच दासाचा किंवा दासीचा डोळा फोडला, अगदी दात पाडला, तरी त्याला किंवा तिला मोकळे करावे लागते. इथे दास आणि दासी दोघांना एकच न्याय आहे. हम्मुराबीकडे पळालेल्या गुलामाला घरात लपवणाऱ्याला मृत्युदंड होता. देवारीममध्ये आज्ञा नेमकी उलटी आहे. पळून आलेल्याला मालकाच्या हवाली करू नका, त्याला आवडेल त्या गावी राहू द्या. आमच्या मते साऱ्या प्राचीन कायद्यांत इतके धाडसाचे वाक्य क्वचितच सापडेल.

कानाची गोष्टही गमतीची आहे. बाबेलमध्ये गुलाम मालकाला ‘तू माझा धनी नाहीस’ म्हणाला तर त्याचा कान कापत. तोरामध्ये ज्याला मोकळे व्हायचे नाही, त्याचा कान दाराशी नेऊन टोचतात.

पण बाबेलला सगळे वाईटच होते असे नाही. कर्जापायी नवऱ्याने बायको किंवा मुले विकली तर तीन वर्षे काम करून चौथ्या वर्षी त्यांची सुटका होई. मालकापासून दासीला मुले झाली तर मालकाच्या मृत्यूनंतर आई व मुले दोघेही स्वतंत्र होत. आणि हागारची कथा समजायला तर हा दगड फारच उपयोगी पडतो. मूल होत नसलेल्या एका विशिष्ट वर्गाच्या पुजारिणीने नवऱ्याला आपली दासी दिली, दासीला मूल झाले आणि ती मालकिणीची बरोबरी करू लागली, तर काय करायचे? कायदा सांगतो की तिला विकता येणार नाही, पण खूण करून पुन्हा दासींत मोजता येईल. सारा आणि हागार यांच्यात जे बिनसले ते त्या मुलखात किती घरांत घडत असेल याची कल्पना करा. त्यासाठी कायदाच करावा लागला.

आता विकलेल्या मुलीकडे वळू. तोरा म्हणते की मालकाने तिला स्वतःसाठी किंवा मुलासाठी बायको म्हणून ठरवावे, परक्या लोकांना विकू नये. दुसरी बायको केली तरी हिचे अन्न, वस्त्र आणि वैवाहिक हक्क कमी करू नयेत. हे न जमल्यास ती एक पैसाही न भरता मोकळी. म्हणजे तिला सातव्या वर्षी रस्त्यावर न सोडता बायकोचा दर्जा द्यायचा. त्या काळात एकट्या, बिनहुंड्याच्या मुलीचे काय झाले असते हे ज्यांनी जुने कोकण पाहिले आहे त्यांना सांगायला नको. तरीही खरे ते खरे: वायिक्राच्या पंचविसाव्या अध्यायात परदेशी गुलाम कायमचे ठेवण्याची आणि मुलांना वारशात देण्याची मुभा आहे. ते पान आपण उलटून पुढे जाऊ नये.

अथेन्सचे नाव लोकशाहीसाठी घेतात. तिथल्या नागरिकाच्या बायकोला एका मापापेक्षा जास्त किमतीच्या जवाचाही व्यवहार पालक पुरुषाशिवाय करता येत नसे, आणि घरचे काम गुलाम करत. आपल्या भारतात कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मालकापासून मूल झालेली दासी आणि ते मूल स्वतंत्र मानावे असा नियम आहे, आणि बायकोच्या स्त्रीधनालाही संरक्षण आहे. सगळ्यांत मोकळी होती ती मित्सराइमची स्त्री. ती स्वतःच्या नावाने जमीन घेई, विके, कोर्टात उभी राही. ज्या देशाचे नाव आपण सेदरला गुलामगिरीचे घर म्हणून घेतो, तोच हा देश!

आणि याच देशात आपल्या लोकांची एक वस्ती होती. आजच्या अस्वानजवळ, नाईलमधल्या एलेफंटाइन बेटावर, इ.स.पू. पाचव्या शतकात पारसी बादशहाच्या नोकरीतले यहूदी शिपाई बायकामुलांसह राहत होते. त्यांचे स्वतःचे देऊळही होते. त्यांचे अरामी भाषेतले पपायरसचे कागद कोरड्या हवेत टिकले. त्यांतला एक गठ्ठा चार्ल्स विल्बर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १८९३ साली विकत घेतला. त्यांच्यामागे तो पेटीत तसाच पडून राहिला, मुलीच्या मृत्युपत्राने १९४७ साली ब्रुकलिन संग्रहालयाला मिळाला आणि १९५३ साली छापून आला.

या वस्तीत मिब्ताह्या नावाची एक श्रीमंत बाई होती. बापाने तिला घर तिच्या नावाने लिहून दिले. एशोर नावाच्या मित्सरी बांधकाम करणाऱ्याशी तिने लग्न केले, त्या करारात दोघांनाही सभेपुढे उभे राहून काडीमोड घेण्याचा हक्क होता. तिने घेतला तर साडेसात शेकेल भरायचे, आणलेले सगळे सामान उचलायचे आणि हवे तिकडे जायचे. आज गेटसाठी वर्षानुवर्षे रब्बीन्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आगुना बायकांनी हे वाचावे. जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी एका यहूदी बाईच्या हातात हे होते.

पण याच मिब्ताह्याच्या मालकीचे गुलामही होते. इ.स.पू. ४१० मध्ये तिच्या दोन मुलांनी त्यांची वाटणी केली. पेतोसिरी एकाला, बेला दुसऱ्याला. दोघांच्याही उजव्या हातावर मिब्ताह्याचे नाव डागलेले होते. त्यांची आई ताबी आणि तिचे आणखी एक मूल लिलू यांची वाटणी नंतर करू, असे कागदात नोंदवले आहे. या वाटणीच्या आधी नऊच वर्षे, इ.स.पू. ४१९ च्या एका पत्रात याच वस्तीला निसान महिन्यात खमिराबद्दलच्या सूचना आलेल्या आहेत. एका घरातली बाई जितकी मोकळी, तितकेच तिच्या घरचे दुसरे बांधलेले. मोकळीक कोणाच्या हातांवर उभी होती ते त्या डागांवरून कळते.

या वस्तीतली तामुत मात्र दासी होती. नावावरून ती मित्सरी वाटते. तिचा मालक मेशुल्लाम बेन जाक्कूर. देवळातला एक सेवक, अनान्या बेन अझार्या, याने इ.स.पू. ४४९ मध्ये तिच्याशी रीतसर लेखी लग्न केले. तिच्याबरोबर आला तो एक लोकरी कपडा, आरसा, चपला असा ऐवज, सगळे मिळून सात शेकेलच्या आसपास. काडीमोडीचा हक्क तिलाही होता. पण नवऱ्याला तिला मोकळे करता येत नव्हते, कारण ती मेशुल्लामची. त्यांचा मुलगा पिल्ती याच्यावरही मालकाचा हक्क होता. करारात अट अशी की अनान्या तामुतला घरात ठेवील तोवर मेशुल्लाम मुलाला परत मागणार नाही. अनान्याने तिला टाकले तर मूल मालकाचे.

अनान्याने तिला टाकले नाही. इ.स.पू. ४३७ मध्ये त्याने चौदा शेकेलला घर घेतले, तीन वर्षांनी त्यातला अर्धा भाग तामुतच्या नावे केला. दासीच्या नावे घर! तिच्या दुसऱ्या लेकराचे, यहोइश्माचे, जन्मापासून स्थान आईसारखेच होते. शेवटी इ.स.पू. ४२७ मध्ये, लग्नाला बावीस वर्षे झाल्यावर, मेशुल्लामने लिहून दिले की आपल्या मृत्यूनंतर मायलेकी स्वतंत्र. सावलीतून उन्हात सोडण्याची भाषा त्या कागदात आहे. मायलेकींनीही मुलांप्रमाणे त्याची व त्याच्या मुलाची सेवा करण्याचे वचन दिले. पुढे तामुतच्या नावापुढेही देवळाच्या सेविकेची पदवी लागलेली दिसते.

आम्ही ही गोष्ट मुद्दाम लांबवून सांगतो. आपल्यातही गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा भेद होता. प्रार्थना एकाच छपराखाली, पण बेटीव्यवहार नाही, कारण कोणाची तरी पणजी बाहेरची समजली गेली. आणि मग इथे येऊन १९६२ साली आपल्याच मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी आईची आई कोण, तिची आई कोण असे विचारले जाऊ लागले. येरुशलायममध्ये आपली माणसे धरणे धरून बसली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्वार्थाने यहूदी आहेत असे जाहीर केले. ते दिवस वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असतील. गोऱ्या-काळ्याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही.

यहोइश्माचे लग्न इ.स.पू. ४२० मध्ये झाले. आईचा ऐवज सात शेकेलचा, तर लेकीचा सुमारे अठ्ठ्याहत्तर शेकेलचा, म्हणजे अनान्याच्या घराच्या पाचपटीहून अधिक. नवऱ्याने दुसरी बायको करायची नाही हेही त्यात लिहून घेतले आहे. मुलीला मागणी घातली गेली ती मेशुल्लामचा मुलगा जाक्कूर याच्या घरी, आणि त्या कागदात यहोइश्मा ही जाक्कूरची बहीण म्हणून लिहिलेली आहे.