हिप्परग्याचे हेडमास्तर : स्वामी रामानंद तीर्थ

१९४० च्या सुमारास धाराशिव, कळंब किंवा लातूरच्या आडत पेढीवर रोजकीर्द लिहिणाऱ्या मुनिमाला दोन रुपये ठाऊक असावे लागत. एक निजाम सरकारचा हाली सिक्का आणि दुसरा इंग्रजी अमलातील कलदार. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार, हा हिशेब त्याला तोंडपाठ असे. शंभर कलदार रुपयांचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली होत. लातूरहून निघालेला माल बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने येडशीमार्गे बार्शीला जाई. पण बार्शी म्हणजे दुसरा मुलूख. वाटेत हद्द लागे, करोडगिरीचा नाका लागे, आणि पलीकडे नाणे बदले. तीस-चाळीस मैलांच्या व्यापारात दोन राज्ये, दोन कायदे आणि दोन चलने सांभाळावी लागत.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ही हद्द आणखी ठळक झाली. त्या दिवशी बार्शी आणि सोलापूर येथे तिरंगा उघडपणे फडकला. हद्दीच्या अलीकडे मात्र तो फडकविणे गुन्हा होता. धाराशिव जिल्हा, म्हणजे त्या वेळचा उस्मानाबाद, स्वतंत्र भारतात येण्यास आणखी तेरा महिने लागले. या तेरा महिन्यांचे आणि त्यामागील अनेक वर्षांच्या तयारीचे नेतृत्व ज्यांनी केले, ते स्वामी रामानंद तीर्थ काही काळ याच जिल्ह्यातील एका खेड्यात शाळामास्तर होते. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची जडणघडण ज्या शाळेत झाली, ती लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा होय.

वेंकटेशाची प्रतिज्ञा

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव वेंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी, आजच्या उत्तर कर्नाटकात झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा वेंकटेश सोळा वर्षांचा विद्यार्थी होता. लोकमान्यांच्या निधनाचा आघात त्याच्या मनावर इतका खोल झाला की, आजन्म अविवाहित राहून देशसेवा करीन, अशी प्रतिज्ञा त्याने घेतली. त्या वयात अशा प्रतिज्ञा अनेक जण घेतात. वेंकटेशाने ती शेवटपर्यंत पाळली.

असहकाराच्या हाकेसरशी सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरवून त्याने राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग धरला आणि टिळक विद्यापीठातून पदवी मिळविली. पुढे कामगार चळवळीचे नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करण्याची संधी त्याला लाभली. गिरणी कामगारांचे जिणे, कायदेमंडळाचे कामकाज, संघटनेची शिस्त या गोष्टी तेथे जवळून पाहता आल्या. परंतु अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि शहर सोडणे भाग पडले. अशा अवस्थेत १९२९ च्या सुमारास हा तरुण हिप्परग्यास आला.

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा

ही शाळा १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. त्या काळात निजामाच्या राज्यात अशी शाळा चालविणे हेच एक धाडस होते. राज्याची लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास. तिच्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे बहुसंख्य. मात्र कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. खासगी शाळांवर सरकारची करडी नजर असे. सभा भरवायची तर आधी परवानगी घेण्याचा हुकूम होता, आणि तो ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध होता. वर्तमानपत्रे आणि व्याख्याने यांवर बंधने असलेल्या अशा मुलखात देशाची कल्पना मुलांपुढे मांडण्याची जागा एकच उरली होती, ती म्हणजे शाळेचा वर्ग.

खेडगीकर गुरुजी या शाळेचे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. मुलांबरोबर राहावे, मुलांबरोबर जेवावे, व्यायाम, सूतकताई आणि अभ्यास यांची सांगड घालावी, असा तेथील दिनक्रम होता. पगाराच्या आशेने तेथे कोणी आलेले नव्हते. पुढे मराठवाड्याच्या लढ्यात उतरलेल्या कार्यकर्त्यांची एक पिढी अशा राष्ट्रीय शाळांतून घडली.

याच काळात, १९३० च्या दशकाच्या आरंभी, गुरुजींनी स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतील संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास म्हणजे जगाकडे पाठ, ही आपली सर्वसाधारण समजूत. स्वामीजींच्या बाबतीत घडले ते उलट. घर, जमीन, वारसा, नातेसंबंधांची ओढ, यांतील काहीच ‘माझे’ राहिले नाही. म्हणून जप्ती, दंड किंवा तुरुंग यांचे भय दाखवून त्यांना वाकविण्यासारखे सरकारच्या हाती काही उरले नाही. जैन घरांत अपरिग्रहाचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. परिग्रह कमी झाला की भय कमी होते, हे सूत्र येथे राजकारणाच्या मैदानात कसाला लागलेले दिसते.

शाळेतून सत्याग्रहाकडे

१९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईस गेले. तेथील योगेश्वरी शाळेच्या उभारणीत ते आणि बाबासाहेब परांजपे गढून गेले. पण काळ शांत बसू देणारा नव्हता. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि दुसरे १९३८ मध्ये लातूर येथे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. लवकरच स्वामीजींनी शाळा सोडून पूर्णवेळ राजकीय कार्य पत्करले.

सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्याआधीच, बंदी आली. संघटना जातीय स्वरूपाची आहे, हा सरकारचा आक्षेप. तिची मागणी मात्र जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकांना उत्तरदायी असलेल्या सरकारची होती. २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. दोन महिन्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने सत्याग्रह स्थगित झाला. पुढील काळात स्वामीजींना वारंवार कारावास भोगावा लागला. बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले, आणि स्टेट काँग्रेसचे अध्यक्षपद स्वामीजींकडे आले.

तेरा महिन्यांची अंधारी वाट

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपले राज्य भारतात किंवा पाकिस्तानात विलीन न करता स्वतंत्र राहील, असे जाहीर केले. उत्तरादाखल स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट हा दिवस भारतात सामील होण्याच्या मागणीसाठी पाळला. १५ ऑगस्टच्या पहाटे स्वामीजींना अटक झाली. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला आणि स्वामीजी सुटले; पण २६ जानेवारी १९४८ रोजी ते पुन्हा गजाआड झाले. यानंतरची सुटका थेट मुक्तीच्या वेळची.

‘जैसे थे’ कराराची शाई वाळण्यापूर्वीच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंधने आली. दुसऱ्याने राज्यातील व्यवहारांत भारतीय चलन अग्राह्य ठरले. ज्या पेढीचा निम्मा व्यवहार बार्शी-सोलापूरशी, तिच्यासाठी हा आघात किती मोठा, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. त्यातच निजामाने पाकिस्तानला भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने वीस कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघड झाले. भारताकडून मालाची कोंडी सुरू झाली आणि दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत हद्दीवरील बाजारपेठा भरडल्या गेल्या.

दुसरीकडे रझाकारांचा धुमाकूळ वाढत गेला. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा गृहस्थ. एकाच जिल्ह्यात हिप्परग्याची शाळाही होती आणि लातूरच्या वकिलाचे कार्यालयही. एकाच मातीत दोन बीजे रुजली. अनेक कुटुंबांनी घरादाराला कुलूप लावून बार्शी, सोलापूर, पंढरपूर गाठले. हद्दीवर स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. गांधीमार्गावर श्रद्धा असलेल्या संन्याशाच्या संघटनेने शस्त्र हाती घेतले. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या वाचकाला हे खटकेल, आणि खटकावे हे योग्यच. खेडी जळत असताना निःशस्त्रांचे रक्षण कोणी करावयाचे, हा त्या वेळचा पेच होता आणि त्याचे सोपे उत्तर कोणापाशी नव्हते.

३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येच्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर कार्यकर्त्यांनी छापा घातला आणि वीस लाखांहून अधिक रक्कम लढ्यासाठी ताब्यात घेतली. स्वामीजी त्या वेळी तुरुंगात होते. या रकमेचा हिशेब कार्यकर्त्यांनी ठेवला आणि मुक्तीनंतर तो सादर केला, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. बंदुकीच्या बळावर आलेल्या पैशाचीही जमा-खर्चाची वही ठेवावी, असे ज्यांना वाटले, ते स्वतःच्या खिशासाठी लढत नव्हते.

नळदुर्गचा पूल

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेनेची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली. तिच्या मार्गावरील पहिले महत्त्वाचे ठिकाण धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग. बोरी नदीवरील पूल उडविला गेला असता तर हैदराबादचा रस्ता तेथेच अडला असता. भारतीय जवानांनी तो शाबूत अवस्थेत ताब्यात घेतला आणि सेना पुढे सरकली. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. त्या सुमारास स्वामीजींची तुरुंगातून सुटका झाली. आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, तो हाच दिवस.

विजयानंतरची परीक्षा

मुक्तीच्या आनंदाला एक काळी किनार आहे, आणि ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सेना आल्यानंतरच्या आठवड्यांत राज्याच्या अनेक भागांत निरपराध मुस्लिम कुटुंबांवर सूड उगविला गेला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठविले. त्यांच्या अहवालाने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला आणि राज्यभरातील मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा नोंदविला.

स्टेट काँग्रेसचा लढा राजवटीशी होता, कोणत्याही धर्माशी नव्हता. हैदराबादचे तरुण संपादक शोएब उल्ला खान यांनी ‘इमरोज’ पत्रातून रझाकारांवर टीका केली आणि भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला. त्याची किंमत त्यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये प्राण देऊन चुकविली. रझाकारांच्या गुन्ह्यांचा हिशेब शेजाऱ्याकडून वसूल करणाऱ्यांनी अशा बलिदानाचाही अवमान केला.

सत्तेचा मोह टाळणारा नेता

मुक्तीनंतर सत्तेची दारे उघडली. १९५० मध्ये वेल्लोडी यांच्या मंत्रिमंडळात काँग्रेसचे प्रतिनिधी घेण्यात आले. त्यांत उस्मानाबाद जिल्ह्यातील फुलचंद गांधी हेही होते. स्वामीजींनी मात्र मंत्रिपद स्वीकारले नाही. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. पण सरकारी अधिकाराची खुर्ची त्यांनी दूरच ठेवली. पक्षातील गटबाजीचे कटू अनुभव त्यांच्याही वाट्याला आले.

त्यांच्या निःस्पृहतेची मोठी कसोटी पुढे होती. हैदराबाद राज्य टिकवावे की भाषेनुसार त्याचे तीन भाग करावेत, हा वाद उभा राहिला. पंडित नेहरूंना आरंभी विघटन पसंत नव्हते. ज्या राज्यातील लोकचळवळीचे आपण शिखर होतो, तेच राज्य विसर्जित व्हावे, असा आग्रह स्वामीजींनी धरला. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, ही हिप्परग्याच्या वर्गात शिकविलेली गोष्ट त्यांनी राजकीय लाभ-हानीचा विचार न करता लावून धरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. याच दशकात हाली सिक्काही इतिहासजमा झाला, करोडगिरीचे नाके उठले, आणि धाराशिवच्या मुनिमाच्या वहीत एकच रुपया उरला.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे देहावसान झाले. त्यांच्या अनुयायांपैकी पी. व्ही. नरसिंह राव पुढे देशाचे पंतप्रधान झाले. नांदेडचे विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांचे नाव चालवीत आहेत.

जमेची बाजू

व्यापारी माणूस वर्षअखेरीस ताळेबंद मांडतो. स्वामीजींच्या ताळेबंदात स्थावर नाही, जंगम नाही, वारसाच्या नावे ठेव नाही. जमेच्या बाजूस एका जुन्या राजवटीतून मुक्त झालेला मुलूख आहे आणि लोकांच्या हाती आलेला कारभार आहे. आपल्या मुलांना आपण जमीन, दुकान, पत यांचा वारसा देतो, आणि ते गृहस्थधर्माला धरूनच आहे. त्याच्या जोडीला १७ सप्टेंबरच्या दिवशी नळदुर्गचा पूल दाखवावा, हिप्परग्याच्या शाळेची हकिकत सांगावी. ज्या एका रुपयात आज व्यवहार करतो, त्या रुपयामागे कोणाचे आयुष्य खर्ची पडले, हे पुढच्या पिढीला ठाऊक असले म्हणजे आपल्याही वहीतील एक जुनी बाकी फिटेल.