काठाला काठ नसतो

१८५४ साली केंब्रिजमध्ये स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत जॉर्ज स्टोक्स यांनी एक प्रमेय सिद्ध करायला घातलं. परीक्षार्थींमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता. प्रमेय मुळात विल्यम थॉमसन यांनी १८५० मध्ये स्टोक्स यांना पत्रातून कळवलेलं. नाव मात्र लागलं प्रश्न काढणाऱ्याचं!

ते प्रमेय समजून घ्यायला कागद-पेन्सिल पुरते. मोठा चौरस काढा, त्याचे छोटे चौरस पाडा आणि प्रत्येकाभोवती एकाच दिशेने बाण काढा. आतल्या प्रत्येक कडेवर दोन उलटे बाण येतात आणि एकमेकांना खोडतात. उरतो तो फक्त बाहेरचा काठ. म्हणजे आतल्या सगळ्या भोवऱ्यांची बेरीज काठावरच्या एका फेरीत मिळते.

मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकत्वावरच्या १८६५ च्या निबंधात वीस समीकरणं होती. १८८० च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइडने त्यांची चार केली आणि तीच आपण कॉलेजात कर्ल, डायव्हर्जन्स म्हणून घोकतो. हेविसाइडचे सदिश बाण सोयीचे खरे, पण ते एक गोष्ट झाकतात. मल्टिमीटरच्या दोन पिना लावल्या की आकडा मिळतो तो दोन टोकांमधल्या वाटेचा. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की गॅल्व्हानोमीटरचा काटा उडतो, तो वेटोळ्याने वेढलेल्या पृष्ठातून जाणारं चुंबकत्व बदलतं म्हणून. विद्युतक्षेत्र रेषेवर मोजायचं, चुंबकीय क्षेत्र पृष्ठावर. दोन्हींना सारखेच बाण दिले की हा भेद पुसला जातो, आणि मग उजव्या हाताच्या नियमाने बोटं वाकवत बसावं लागतं.

हा भेद जपणारं बीजगणित हेर्मान ग्रासमान या स्टेटिनच्या शाळामास्तरने १८४४ मध्येच मांडलं होतं. कुणी लक्ष दिलं नाही. हाच गृहस्थ पुढे संस्कृतकडे वळला आणि त्याचा ऋग्वेदाचा कोश अभ्यासक आजही उघडतात. त्या बीजगणिताला १८९९ मध्ये एली कार्तां यांनी बाह्य अवकलन या क्रियेतून कलनाची जोड दिली; १९०८ मध्ये मिंकोव्हस्की यांनी अवकाश आणि काळ एकत्र बांधले.

या चौमितीय जगात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं मिळून सहा घटकांची एकच वस्तू होते. तिला एफ म्हणतात. चारपैकी दोन समीकरणं एका ओळीत बसतात: एफचं बाह्य अवकलन शून्य. फॅरेडेचा नियम त्यातच, सुटा चुंबकीय ध्रुव नसणंही त्यातच. उरलेली दोन, ज्यांत विद्युतभार आणि प्रवाह येतात, दुसऱ्या ओळीत, आणि खरी गंमत तिथे आहे. अर्धगोलाचा काठ वर्तुळ, पण वर्तुळाला काठ नसतो. स्टोक्सच्या प्रमेयाने हेच गणितात लिहिलं की बाह्य अवकलन दोनदा केल्यावर शून्य येतं. दुसऱ्या ओळीवर ते एकदा आणखी करा: विद्युतभाराची अक्षय्यता आपोआप बाहेर पडते.

आणखी एक. अंतर आणि काळ मोजण्याची गरज फक्त दुसऱ्या ओळीत, हॉज स्टार नावाच्या क्रियेत लागते. पहिली ओळ फूटपट्टी-घड्याळाशिवाय खरी आहे. चार समीकरणांकडे कितीही पाहिलं तरी हे दिसत नाही.

मोटर किंवा अँटेनाची आकडेमोड याने लवकर उरकेल, असं मात्र नाही. तिथे हेविसाइडच बरा. म्हणून बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने आधी ग्रिफिथ्सच्या पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सोडवावीत, मग जॉन बाएझ आणि हाविएर मुनिआइन यांच्या १९९४ च्या पुस्तकाचा पहिला भाग हातात घ्यावा. त्याचा विषयच विद्युतचुंबकत्व आहे. त्याआधी तो चौरस स्वतःच्या हाताने काढून पाहा.