जहाजाचा नवा नकाशा

घोटीहून बारी गांवाकडे जाणाऱ्या वाटेवर कळसूबाईचें शिखर समोर दिसूं लागतें. त्याची उंची १६४६ मीटर आहे, हें शाळेंतील मुलांनाहि पाठ असतें. पण हे १६४६ मीटर कोठून मोजावयाचे? ‘समुद्रसपाटीपासून’ असें उत्तर कोणीहि देईल. समुद्र तर कधीं सपाट नसतो, आणि एका पातळीवर स्थिरहि नसतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसांतून साधारणपणें दोनदां तो चढतो, दोनदां उतरतो. म्हणून दीर्घकाळ त्याची पातळी मोजून जी सरासरी येते, तिला समुद्रसपाटी म्हणण्याचा संकेत आहे. डोंगर मोजणाराला ती पुरते. समुद्रावरून जहाज नेणाराला मात्र ती पुरत नाहीं.

सागरी नकाशांत पाण्यावर जागोजागीं आंकडे मांडलेले असतात. तेथें पाणी किती खोल आहे, हें ते सांगतात. ही खोली सरासरी पातळीपासून मोजली, तर नकाशांत दहा मीटर पाणी दिसेल आणि ओहोटीच्या वेळीं प्रत्यक्षांत आठच मीटर भरेल. नऊ मीटर पाण्यांत बुडणारें जहाज त्या भरंवशावर गेलें, कीं तें तळाला टेकलेंच. यासाठीं सागरी नकाशाचें शून्य मुद्दाम खालीं धरतात. ज्या पातळीच्या खालीं पाणी क्वचितच उतरतें, ती पातळी म्हणजे नकाशाचें शून्य. मुंबईस तें सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारें अडीच मीटर खालीं आहे. पावसाळ्यांत ‘आज साडेचार मीटरांहून उंच भरती’ अशी सूचना वर्तमानपत्रांत येते, ती याच शून्यापासून मोजलेली असते. सरासरी पातळीच्या वर तें पाणी सुमारें दोन मीटरच चढलेलें असतें. चूक झालीच तर ती जहाजाच्या हिताची व्हावी, हा या खालच्या शून्यामागील हेतु आहे. सागरी नकाशाचें सारें शास्त्र या सावधगिरीवर उभें आहे. नकाशा कागदावरून पडद्यावर गेला तेव्हां या सावधगिरीचें काय झालें, हा आजच्या विवेचनाचा विषय.

भाताच्या गिरण्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या, घाटमाथ्यावरील घोटीसारख्या गांवाला याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणास वाटेल. परंतु थळ घाट चढून नाशिककडे जाणाऱ्या मालमोटारींवर ज्या लोखंडी पेट्या, म्हणजे कंटेनर, दिसतात, त्यांपैकीं पुष्कळशा न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत उतरलेल्या असतात. हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. तेथें जाणारीं आणि मुंबई बंदरांत जाणारीं मोठीं जहाजें समुद्राकडून एकाच खोल वाटेनें आंत येतात. ही वाट मोठ्या जहाजांना निसर्गतः पुरेशी खोल नाहीं. गाळ उपसून ती खोल ठेवावी लागते. वाटेच्या बाजूस पाणी अफाट दिसतें, पण तें फसवें असतें. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबईच्या या समुद्रांत ‘एम. एस. सी. चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडली, तिच्यावरील शेंकडों कंटेनर समुद्रांत पडले, तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्याकडे पसरलें, आणि दोन्ही बंदरांची वाहतूक कांहीं दिवस बंद ठेवावी लागली. नकाशाच्या दोषामुळें तो अपघात झाला असें नव्हे. एका अरुंद वाटेवर किती लोकांचा व्यवहार आणि किती कोळ्यांचें पोट अवलंबून असतें, हें मात्र त्या चार-पांच दिवसांत सर्वांना दिसलें.

अशा वाटा शोधणें हें पूर्वीं हाताचें काम होतें. शिशाचें वजन बांधलेली दोरी पाण्यांत सोडावयाची, ती किती वाव गेली तें पाहावयाचें, आणि त्याच क्षणीं किनाऱ्यावरील ठळक खुणांमधील कोन मोजून आपली जागा ठरवावयाची. हजारों वेळां हें केलें, म्हणजे एका बंदराचा नकाशा होई. ईस्ट इंडिया कंपनीचें मुंबईचें आरमार, ‘बॉम्बे मरीन’, या कामांत नांवाजलेलें होतें. मुंबईस बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्यें सुएझकडे निघाली. त्याच सुमारास, म्हणजे १८२९ ते १८३४ या काळांत, या आरमाराच्या ‘बेनारेस’ आणि ‘पॅलिन्युरस’ या जहाजांवरून एल्वन आणि मोर्सबी या अधिकाऱ्यांनीं तांबडा समुद्र मोजून काढला. प्रवाळखडकांनीं भरलेला तो समुद्र आगबोटींना निर्धास्तपणें वापरतां आला, तो या मोजणीमुळें. आतां दोरीच्या जागीं ध्वनिलहरी आल्या आहेत. त्या तळापर्यंत जाऊन परत येण्यास किती वेळ लागला, यावरून खोली निघते. आणि एकाच वेळीं अनेक लहरी पंख्यासारख्या सोडून तळाचा रुंद पट्टा मोजतां येतो. भारतांत हें काम नौदलाकडे आहे. त्याचें जलसर्वेक्षण कार्यालय १९५४ पासून डेहराडून येथें आहे. समुद्रापासून इतक्या दूर, हिमालयाच्या पायथ्याशीं, आपल्या किनाऱ्याचे अधिकृत नकाशे तयार होतात.

नकाशा एकदां काढला, कीं काम संपलें असें होत नाहीं. एखादें जहाज बुडतें, एखादा बोया जागा सोडतो, गाळ साचून खोली घटते. असा प्रत्येक बदल ‘नाविकांना सूचना’ या पत्रकांतून कळविला जातो, आणि कागदी नकाशावर तो जहाजाच्या अधिकाऱ्यानें स्वतः लेखणीनें उतरावयाचा असतो. जहाजाची जागाहि तोच ठराविक वेळानें मोजून पेन्सिलीनें मांडतो. म्हणजे जहाज थोड्या वेळापूर्वीं कोठें होतें, हें कागदी नकाशा सांगतो. या क्षणीं कोठें आहे, हें त्याच्यावरून ताडावें लागतें.

ही उणीव भरून काढणारें यंत्र म्हणजे ‘एक्डिस’. ‘इलेक्ट्रॉनिक चार्ट डिस्प्ले अँड इन्फर्मेशन सिस्टिम’ या लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द बनला आहे. कागदी नकाशाचें छायाचित्र पडद्यावर दाखवावें, एवढाच त्याचा अर्थ नाहीं. तसे छायाचित्रवजा नकाशेहि असतात. पण त्यांतील खडक यंत्राच्या दृष्टीनें नुसता शाईचा ठिपका असतो. खऱ्या इलेक्ट्रॉनिक नकाशांत प्रत्येक खडक, बोया, दिवा आणि खोलीची प्रत्येक रेषा आपापल्या माहितीसह वेगळी नोंदलेली असते. कृत्रिम उपग्रहांकडून जहाजाची जागा, होकायंत्राकडून दिशा, रडारकडून आसपासचीं जहाजें, अशी माहिती यंत्राला सतत मिळते. ‘आमच्या जहाजाला अमुक मीटर पाणी सुरक्षित’ असें अधिकाऱ्यानें त्याला सांगितलें, कीं त्याहून उथळ भाग पडद्यावर वेगळ्या रंगांत दिसतो. आणि जहाजाचें तोंड तिकडे वळलें, तर घंटा वाजते. ‘अमुक मीटर’ हे शब्द ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत, कारण ते यंत्राचे नसून माणसाचे आहेत.

आतां नियमांकडे वळूं. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ सालीं समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याची १९७४ सालची आवृत्ति वेळोवेळीं सुधारून आज लागू आहे, आणि तिचें पांचवें प्रकरण नौकानयनासंबंधीं आहे. लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें १९९५ सालीं एक्डिस कसें असावें याचीं मानकें ठरविलीं. २००९ सालीं तें सक्तीचें करण्याची दुरुस्ती मान्य झाली; ती १ जानेवारी २०११ पासून अमलांत आली. सक्ती एकदम केली नाहीं. १ जुलै २०१२ पासून नवीं प्रवासी जहाजें आणि नवीं तेलवाहू जहाजें, मग नवीं मालवाहू जहाजें, नंतर जुनीं जहाजें, अशा पायऱ्यांनीं १ जुलै २०१८ पर्यंत ती पुरी झाली. आंतरराष्ट्रीय सफरींवरील ५०० टनांचीं व त्यांहून मोठीं प्रवासी जहाजें आणि ३००० टनांचीं व त्यांहून मोठीं तेलवाहू जहाजें हिच्या कक्षेंत येतात. मालवाहू जहाजांपैकीं नव्यांना ३००० टनांपासून आणि जुन्यांना १०,००० टनांपासून ती लागू आहे. ससून डॉकांतील मच्छीमार नौकांना हें बंधन नाहीं. भारतीय जहाजांपुरती या नियमांची अंमलबजावणी मुंबईचें नौवहन महासंचालनालय पाहतें.

नियमांचा गाभा थोडक्यांत असा आहे. नकाशे सरकारी जलसर्वेक्षण खात्यानें काढलेले किंवा त्याच्या संमतीचे असावेत. ते ताज्या दुरुस्त्यांसह असावेत. यंत्र बंद पडल्यास दुसरी सोय तयार असावी, मग ती दुसऱ्या स्वतंत्र एक्डिसची असो वा कागदी नकाशांची. आणि २०१० सालीं मनिला येथें ठरलेल्या व १ जानेवारी २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांप्रमाणें, एक्डिस असलेल्या जहाजाच्या अधिकाऱ्यानें त्याचें शिक्षण घेतलेलें असावें.

इतकी व्यवस्था झाल्यावर जहाजें खडकावर चढूं नयेत, अशी अपेक्षा होती. अनुभव थोडा निराळा आला, आणि त्यांतील चार प्रसंग उद्बोधक आहेत.

पहिला प्रसंग १८ सप्टेंबर २०१३ चा. ‘ओव्हिट’ नांवाचें तेलवाहू जहाज डोव्हरच्या सामुद्रधुनींत वार्न या वाळूच्या उथळ दांड्यावर चढलें. एक्डिस होतें, नकाशे होते, अधिकाऱ्यांचें शिक्षणहि झालेलें होतें. पण पडद्यावर आंखलेला मार्गच थेट त्या दांड्यावरून जात होता. सुरक्षित खोलीचा आंकडा त्या सफरीला अनुरूप असा भरलेला नव्हता, आणि धोक्याची घंटा वाजतच नव्हती. दांड्याजवळच्या खुणांचे दिवे दिसले, तरी त्यांवरून कोणी बोध घेतला नाहीं. जहाज रुतलें आहे, हें पहाऱ्यावरील अधिकाऱ्याला समजण्यास १९ मिनिटें लागलीं, असें ब्रिटिश चौकशीच्या अहवालांत नमूद आहे.

दुसरा प्रसंग २९ नोव्हेंबर २०१४ चा. जगप्रदक्षिणेच्या शर्यतींतील ‘टीम वेस्टास विंड’ ही शिडाची नौका हिंदी महासागरांत मॉरिशसच्या उत्तरेस असलेल्या कार्गाडोस काराहोस या प्रवाळखडकांवर रात्रीं जाऊन आदळली. हे खडक तिच्या इलेक्ट्रॉनिक नकाशांत होते. पण मोठा प्रदेश एका दृष्टिक्षेपांत पाहावा म्हणून नकाशा लहान केला, कीं ते दिसेनासे होत. कागदावर जें छापलें तें छापलेलेंच राहतें. पडद्यावर किती दाखवावयाचें, हें पाहणाराच्या बोटावर असतें. सुदैवानें नौकेवरील सर्व नऊ जण वांचले.

तिसऱ्या प्रसंगीं नकाशाच चुकला. १७ जानेवारी २०१३ रोजीं अमेरिकन आरमाराची ‘गार्डियन’ ही युद्धनौका फिलिपाइन्समधील तुब्बाताहा खडकावर चढली. तिच्या एका इलेक्ट्रॉनिक नकाशांत हा खडक त्याच्या खऱ्या जागेपासून सुमारें आठ सागरी मैल दूर दाखविला होता. नौकेवरच्या दुसऱ्या नकाशांत तो बरोबर होता; दोन्ही ताडून पाहिले गेले नाहींत. शेवटीं ती नौका तुकडे करून काढावी लागली.

चौथा प्रसंग अगदीं अलीकडचा, आणि ज्या समुद्राची मोजणी मुंबईच्या जहाजांनीं केली त्याच तांबड्या समुद्रांतला. १० मे २०२५ रोजीं ‘एम. एस. सी. अँटोनिया’ हें कंटेनर-जहाज जेद्दाहजवळ रुतलें. त्या भागांत त्या दिवसांत उपग्रहांच्या संदेशांत कोणीतरी अडथळा आणीत असल्याच्या तक्रारी होत्या, आणि जहाजाला स्वतःची जागा खोटी दिसली असावी, असा तज्ज्ञांचा संशय आहे. तसें असेल, तर खडक नकाशांत आपल्या जागीं असूनहि नकाशावरचें जहाजच भलत्या जागीं होतें.

या प्रसंगांवरून यंत्र निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. धुक्यांत, पावसांत, मुंबईसारख्या गजबजलेल्या वाटेवर आपलें जहाज या क्षणीं कोठें आहे हें समजणें, ही मोठी गोष्ट आहे. पूर्वीच्या नाखव्यांना ती लाभली असती, तर किती जीव वांचले असते! पण जुना नकाशा वाचतांना माणसाला शंका घ्यावीच लागे. नवा नकाशा इतक्या ठामपणें बोलतो, कीं शंका घेण्याची संवयच सुटते. नियम यंत्र बसवावयास लावूं शकतात, परीक्षा घेऊं शकतात. संशय ठेवावयास ते लावूं शकत नाहींत.

हा प्रश्न पुढें अधिकच नाजूक होणार आहे. इलेक्ट्रॉनिक नकाशांचें नवें मानक आलें असून त्यावर चालणारीं यंत्रें वापरण्यास १ जानेवारी २०२६ पासून मुभा आहे. १ जानेवारी २०२९ पासून नव्यानें बसविल्या जाणाऱ्या यंत्रांना तें सक्तीचें होईल. या मानकांत समुद्रतळाची अधिक बारीक माहिती आणि भरती-ओहोटीची त्या त्या वेळची उंचीहि नकाशावर घेण्याची सोय आहे. म्हणजे खालीं धरलेल्या शून्यावर आतां किती पाणी चढलें आहे, हें यंत्रच मिळवून दाखवील. त्यामुळें अधिक भरलेलें जहाज भरती साधून आंत आणतां येईल, आणि व्यापाराचा फायदा होईल. परंतु जुन्या मोजणीदारांनीं चुकीसाठीं म्हणून जें पाणी राखून ठेवलें होतें, त्यांतूनच हा फायदा काढला जाईल.

तेव्हां उपाय जुनाच आहे, आणि त्याला खर्च नाहीं. मुंबईकडे येणाऱ्या जहाजाला खांदेरीचा दीपस्तंभ १८६७ पासून आणि कुलाब्याच्या टोकापुढील प्राँग्जचा १८७५ पासून वाट दाखवीत आहे. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यानें पडद्यावरून डोळे उचलावे, या दिव्यांची दिशा होकायंत्रानें घ्यावी, तळाची खोली ध्वनियंत्रावर पाहावी, आणि तीं पडद्याशीं जुळतात कीं नाहीं हें ताडावें. या कामाला दोन मिनिटें लागतात. जुळलीं तर पडद्यावर विश्वास ठेवण्यास आधार मिळाला. न जुळलीं, तर घंटा वाजण्याची वाट न पाहतां जहाजाचा वेग कमी करावा.