दार मोठं करा, रेटारेटी आपोआप थांबेल!

बालमित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत एस.टी. स्टँडवर गाडी लागली की काय होतं, आठवून पाहा बरं! दार एकच, तेही अरुंद. बाहेर पन्नास माणसं. मागचे पुढच्यांना रेटतात, पिशव्या अडकतात, कुणाची चप्पल निघते. आता समजा, त्याच गाडीचं दार दुप्पट रुंद केलं तर? तेवढीच माणसं भराभर आत जातील आणि दारापाशी रेटारेटी उरणारच नाही.

मला हे सुचलं ते आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलामुळे. त्याने वहीत एका अमेरिकन मोटारीचं चित्र चिकटवलं होतं. मला म्हणाला, "बाई, ह्या गाडीत हवा कोंबायचा पंप असतो. दादा म्हणतो, तिचं हेड आणि कॅम बदलले की पंपाच्या दाबाचा काटा खाली येतो, पण गाडी मात्र जास्त पळते. असं कसं?"

प्रश्न लाखमोलाचा होता, आणि खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. मग पुस्तकं चाळली, ओळखीच्या मेकॅनिककाकांना गाठलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

इंजिनही श्वास घेतं

चित्रातली गाडी होती फोर्ड मस्टँग कोब्रा, २००३ आणि २००४ या वर्षांचं मॉडेल. मोठ्या, दणकट इंजिनाच्या अशा अमेरिकन गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. म्हणजे ही पैलवान गाडी! हिच्या इंजिनात आठ सिलिंडर, ३२ झडपा (म्हणजे व्हॉल्व्ह) आणि चार कॅमशाफ्ट. आठही सिलिंडरांची मिळून जागा ४.६ लिटर.

पेट्रोल जळायला हवा लागते. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला जवळजवळ पावणेपंधरा किलो हवा हवी! इंजिन चार पायऱ्यांत काम करतं. हवा-पेट्रोल आत घे, दाब, जाळ आणि धूर बाहेर टाक. एवढ्यात मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन फेरे मारतो.

आता गणित करू. इंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरतंय. म्हणजे सेकंदाला १०० फेरे. दोन फेऱ्यांत ४.६ लिटर हवा, तर १०० फेऱ्यांत ५० × ४.६ = २३० लिटर! तुमच्या घरातलं २०० लिटरचं पाण्याचं पिंप एका सेकंदात भरून सांडेल, एवढी हवा. आणि ती आत घ्यायला प्रत्येक सिलिंडरला मिळणारा वेळ किती? सेकंदाचा सुमारे दोनशेवा भाग. पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

हवा कोंबणारा पंप

एवढ्या घाईत सिलिंडर पुरता भरत नाही. म्हणून इंजिनावर सुपरचार्जर बसवतात. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हा हवेचा पंप. याचं मूळ बरंच जुनं आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा फुंकणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. ते यंत्र पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना हवा द्यायला वापरलं गेलं. कोब्रावरचा पंप त्याच जातीचा. एका फेऱ्यात सुमारे १.८ लिटर हवा ढकलणारा.

बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड. पंप त्यावर आणखी ८ पौंडांपर्यंत दाब द्यायचा. म्हणजे साधारण दीडपट. पण ताकद काही दीडपट झाली नाही. २००१ च्या पंप नसलेल्या कोब्राची ताकद ३२० अश्वशक्ती होती, ती ३९० झाली. मग बाकीची गेली कुठे?

एक तर पंप फिरवायलाच इंजिनाची ताकद खर्च होते. दुसरं, दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप जोरात मारा आणि त्याचा खालचा भाग हातात धरा, लगेच कळेल. तापलेली हवा विरळ होते, शिवाय पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके मारू लागतं. ते टाळायला कंपनीने सिलिंडरमधलं मिश्रण दाबण्याचं प्रमाण ९.८५ पटींवरून ८.५ पटींवर आणलं, आणि हवा गार करायला पाण्यावर चालणारा कूलर बसवला.

दार आणि द्वारपाल

आता येऊ मुलाच्या प्रश्नाकडे. सिलिंडरच्या डोक्यावर जे जड झाकण असतं ते सिलिंडर हेड. त्यातूनच हवेच्या वाटा जातात आणि त्यातच झडपा बसतात. हे झालं दार. दार कधी, किती आणि किती वेळ उघडायचं, हे ठरवतो कॅमशाफ्ट. हा द्वारपाल! त्याच्या दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा झडप दाबतो आणि ती उघडते.

हेड सुधारायचं म्हणजे हवेच्या वाटेतली वळणं गुळगुळीत करायची, अडथळे घासून काढायचे, कधी मोठ्या झडपा बसवायच्या. नुसतं रुंद करूनही भागत नाही. वाट फारच मोठी केली तर कमी वेगात हवा मंदावते. म्हणून हेड एका यंत्रावर ठेवून, ठरावीक दाबाला किती हवा वाहते ते मोजून बघतात. कॅम बदलायचा म्हणजे झडप जास्त उंच आणि जास्त वेळ उघडेल असा उंचवटा निवडायचा.

आणि दाबाचा काटा खाली का येतो? कारण तो काटा आत गेलेली हवा मोजत नाही. तो दाखवतो दारात तुंबलेल्या हवेचा दाब, म्हणजे एस.टी.च्या दारातली रेटारेटी! दार मोठं झालं की तेवढाच पंप जास्त हवा आत पोचवतो, तुंबारा कमी होतो, हवा कमी तापते. काटा उतरतो आणि ताकद वाढते.

घाई केली की घात

काही लोक हे समजून घेत नाहीत. पंपाची पुली लहान करतात. पंप आणखी जोरात फिरतो, काटा चढतो, मालक खूष! पण हवा तापते, ठोके सुरू होतात आणि हद्द झाली तर पिस्टनला चक्क भोक पडतं.

कॅम निवडतानाही भान लागतं. धूर बाहेर जाण्याची आणि हवा आत येण्याची झडप क्षणभर एकदमच उघडी असते. साध्या इंजिनात याचा फायदा होतो. जाणारा धूर आपल्यामागे नव्या हवेला ओढून घेतो. पण पंप असलेल्या इंजिनात हा क्षण लांबला, तर कोंबलेली हवा सरळ मागच्या दाराने पसार! म्हणून अशा इंजिनाच्या कॅमचे उंचवटे एकमेकांपासून जरा दूर ठेवतात.

आणखी एक गंमत. झडप जास्त खाली आली तर पिस्टनवर आपटेल ना? ते बघायला कारागीर पिस्टनवर चक्क खेळायची माती लावतात! हेड बसवून इंजिन हाताने हळूच फिरवतात, पुन्हा उघडतात आणि मातीवर उमटलेल्या ठशाची जाडी मोजतात. लाखमोलाचं इंजिन वाचतं ते तुमच्या कंपासपेटीतल्या मातीने. मग हवेच्या मानाने पेट्रोलही वाढवावं लागतं, आणि त्यासाठी गाडीच्या संगणकाचा हिशोब नव्याने बसवावा लागतो. एक बदललं की चार बदलावे लागतात.

मोठ्या मुलांना एक सांगते. हे वाचून दादाच्या मोटारसायकलला हात लावू नका! आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीत मनासारखे फेरफार करायला मनाई आहे.

जाता जाता

त्या मुलाला मी हे सगळं फळ्यावर चित्र काढून समजावलं. आणि माझं मलाच काहीतरी आठवलं. हाच मुलगा भागाकारात अडायचा. मी काय केलं होतं? रोज दहा गणितं जास्त दिली. तरी चुकायचाच, वर रडवेला व्हायचा. शेवटी शेजारी बसवून पाहिलं, तर त्याचं अडत होतं वजाबाकीत, हातचा घेण्यापाशी. ते आठ दिवसांत सुटलं आणि भागाकार आपोआप चालू लागला. मी नुसती पुली लहान करत होते! पालकहो, आपणही कधी कधी हेच करतो का, बघा बरं.

करून पाहा: एक ग्लास पाणी सरबताच्या बारीक नळीने प्या, मग तेवढंच जाड नळीने. कुठे जास्त ओढावं लागलं? पाणी तेवढंच होतं ना? मग फरक कशाचा, ते वहीत लिहा.