ताऱ्यांवरून उतरलेले स्वर

अमेरिकन संगीतकार जॉन केज ह्यांनी १९६१-६२ साली ‘अॅटलस एक्लिप्टिकॅलिस’ ही वाद्यवृंदरचना केली. आकाशाच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तारा दिसेल तेथे स्वर टिपायचा! ठिपका मोठा, तर आवाज मोठा. अशी ८६ वादकांची स्वतंत्र पाने झाली. त्यांतली हवी तितकी वाजवावीत.

श्रोते म्हणतील, आपला गवईही तान ऐनवेळीच घेतो. खरे, परंतु त्या तानेत त्याची स्वतःची आवड असते. केजना नेमकी आवडच वगळायची होती. त्यामुळे वादकावरचे बंधन उलट वाढते. १९६४ साली न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकच्या कित्येक वादकांना मात्र ती मोकळीक वाटली. त्यांनी थट्टा मांडली, कित्येक श्रोतेही उठून गेले. ती फजिती रचनेची म्हणता येत नाही.