रेंज नसली तरी रंगणारा डाव

हातात धरून खेळायची खास यंत्रं, निन्टेन्डोची किंवा सोनीची, कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावांत फारशी पोचली नाहीत. त्यांच्या आधी मोबाइलच घरोघर आला. त्या यंत्रांनी रुळवलेली एक सोय मात्र मोबाइलमधून गावापर्यंत आली. दोन यंत्रं जवळ आणली की टॉवर आणि इंटरनेट दोन्ही वगळून ती एकमेकांना थेट जोडली जातात आणि एकाच खेळात चार-सहा भिडू उतरतात. 'मिनी मिलिशिया' खेळलेल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. एकाने हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी जोडून घ्यायचं. रिचार्ज संपलेला असला तरी डाव अडत नाही. नव्या मोठ्या मोबाइल गेम्समध्ये ही सोय मागे पडते आहे. त्यात नुकसान आपल्यासारख्या भागांचं आहे, आणि ते मुकाट्याने सोसण्याचं कारण नाही.

आधी ही जोडणी होते कशी ते पाहू. १९८९ च्या गेम बॉयवर दोघांना खेळायचं तर मधे वायर लागायची. नोकियाच्या १९९७ सालच्या ६११० फोनवर 'स्नेक' इन्फ्रारेडने दोघांत खेळता येई, पण दोन्ही फोन समोरासमोर धरून ठेवावे लागत. २००४ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डो डीएस आणि सोनीच्या पीएसपीमध्ये थेट रेडिओच बसवला होता. काही मीटरच्या टप्प्यात कुठेही बसा, खिडकीच्या आत-बाहेरही बसा, खेळ चालू. डीएसमध्ये आणखी एक उदार योजना होती. बऱ्याच खेळांची एकच कॅसेट विकत घेतली तरी शेजारच्या यंत्रांवर तो खेळ तात्पुरता उतरवून सगळ्यांना खेळता येई. जपानमध्ये 'मॉन्स्टर हंटर'साठी चार-चार जण पीएसपी घेऊन एकत्र जमू लागले ते या जोडणीमुळेच. ही यंत्रं आणि आपले हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या लहरींवर चालतात, त्या भारत सरकारने २००५ मध्ये परवानामुक्त केल्या. म्हणजे घराच्या ओसरीवर मांडलेल्या या डावासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणाला पैसेही द्यावे लागत नाहीत. संदेश चार हातांवर जाऊन परत येतो, दूरच्या सर्व्हरची फेरी वाचते. मिनी मिलिशियाच्या कर्त्यांनी तर ऑनलाइन सहा जण आणि जवळच्या वाय-फायवर बारा जण अशी मर्यादा सांगितली होती. जवळचा खेळ दुय्यम नव्हता याचा हा चांगला दाखला.

सर्व्हरवर चालणारा खेळ आपल्या हातात असतो, पण ताब्यात नसतो. निन्टेन्डोने मे २०१४ मध्ये डीएसची आणि एप्रिल २०२४ मध्ये थ्रीडीएसची ऑनलाइन सेवा बंद केली. त्या यंत्रांवरचा जवळचा खेळ मात्र आजही चालतो, कारण तो बंद करायला मधे कुणी नाहीच. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली; जुलै २०२२ मध्ये त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय ॲप स्टोअरवरून उतरवला गेला. सरकारच्या निर्णयामागे सुरक्षेची कारणं होती, त्यांच्याशी इथे वाद नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद होतं. अशा वेळी मित्र शेजारी बसलेला असूनही केवळ सर्व्हर नाही म्हणून त्याच्याशी खेळता येऊ नये, ही रचनाच चुकीची आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ऊसतोडीला गेलेल्या भावाशी किंवा पुण्यात कामाला असलेल्या मित्राशी खेळायचं तर ऑनलाइनच हवं. खरं आहे, आणि म्हणून ऑनलाइन काढून टाका असं कुणी म्हणू नये. मागणी दोन्हींची आहे. दुसरा आक्षेप पालकांचा: पारावर बसून चौघं आपापल्या पडद्यात डोकं घालणार असतील, तर एकत्र बसण्यात काय अर्थ? पण समोरच्याचा चेहरा दिसतो, चिडलेला कळतो, रडीचा डाव लगेच पकडला जातो. अनोळखी माणूस त्यात शिरत नाही, आणि हॉटस्पॉटवाला जेवायला उठला की खेळ आपोआप थांबतो. तरी पत्ते किंवा विटीदांडूची जागा याने घ्यावी असं मला मुळीच वाटत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो. पार आणि कट्टे मुलांचे असतात. मुली तिथे बसत नाहीत, मग एकत्र जमून खेळण्याचा लाभ त्यांना कसा मिळणार? इथे रेडिओचा छोटा टप्पा कामी येतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतल्या चुलतबहिणी आपापल्या घरात बसून खेळू शकतात. अर्थात तेवढा वेळ फोन त्यांच्या हाती द्यायला घरचे तयार हवेत, आणि ती अडचण कुठलंही तंत्रज्ञान सोडवत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशांच्या खेळांवर त्यात बंदी आहे, तर ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाच्या सोशल गेम्सना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. हे प्रोत्साहन देताना सरकारने इंटरनेटशिवाय जवळच्या जवळ चालणाऱ्या खेळाची अट घातली, तर पिशोरच्या पोरापोरींना त्यातलं काहीतरी खरोखर मिळेल.