लघुपट कुणापर्यंत पोहोचतो?

गुजरातच्या वेरावळ किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात व्हेल शार्कची बेसुमार शिकार चालायची. मोठ्या गळाला प्लॅस्टिकची पिंपं बांधायची, मासा थकला की ओढून किनाऱ्यावर आणायचा. या पद्धतीमुळे तिथले मच्छीमार त्या माशालाच ‘बॅरल’ म्हणू लागले होते. यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडायला आणि मांस परदेशी पाठवायला, एवढ्यासाठी हे सगळं. जगातला हा सर्वांत मोठा मासा. बारा मीटरपर्यंत सहज वाढतो, खातो मात्र प्लवक आणि बारीकसारीक जीव. माणसाला त्याच्यापासून काडीचा त्रास नाही.

माइक पांडे यांनी ही कत्तल चित्रित केली आणि २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट पूर्ण केला. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत केला. वाघाला जे संरक्षण होतं, ते भारतात प्रथमच एका माशाला मिळालं. २००२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले.

कायदा कागदावर आला तरी समुद्रात जाळं टाकणाऱ्याला तो पटावा लागतो. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने तिथे मोहीम हाती घेतली आणि रामकथाकार मोरारी बापूंनी मच्छीमारांना सांगितलं, की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. त्या लेकीला मग ‘व्हाली’ हे लाडाचं नाव मिळालं. पुढे मच्छीमार स्वतःची महागडी जाळी कापून अडकलेले व्हेल शार्क सोडून देऊ लागले आणि कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली. महाराष्ट्रातही २०१८पासून संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमारांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे.

ही हकीकत सविस्तर सांगितली, कारण निसर्गपटाचं बळ कशात असतं ते तिच्यात नेमकं दिसतं. सुंदर दृश्यं हवीतच. पण ज्यांच्या हाती निर्णय आहे आणि ज्यांच्या अंगणात ही गोष्ट घडते आहे, अशा दोघांपर्यंत ती पोहोचली, तरच काही हलतं.

कर्नाटकातल्या कुद्रेमुखचंही तसंच. भद्रा नदीच्या उगमाजवळच्या पर्वतरांगेत लोहखनिजाची प्रचंड खाण होती. शेखर दत्तात्री यांनी २००१ मध्ये त्यावर जेमतेम बारा मिनिटांचा ‘माइंडलेस मायनिंग’ हा लघुपट केला. त्या वेळी खाणीविरुद्ध न्यायालयात लढा सुरू होता. ऑक्टोबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवण्याचा आदेश दिला आणि २००५ च्या अखेरीस ते बंद झालं. लढा कार्यकर्त्यांचा आणि वकिलांचा होता, त्याचं श्रेय एकट्या लघुपटाला देणं योग्य नाही. पण डोंगर कसा सोलला जातो, हे शेकडो पानांच्या अहवालापेक्षा ती बारा मिनिटं लवकर सांगतात.

मग इंटरनेट आलं. २०१२ च्या शरद ऋतूत नागालँडमधल्या दोयांग जलाशयाजवळ हजारो अमूर ससाणे जाळ्यांत पकडून मारले जात होते. शेखर दत्तात्री, रामकी श्रीनिवासन, बानो हरालू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं चित्रण इंटरनेटवर टाकलं आणि काही दिवसांत ते जगभर पाहिलं गेलं. प्रशासन, चर्च आणि पांगती गावचे लोक एकत्र आले. २०१३ च्या हंगामात तिथे हे पक्षी मारले गेले नाहीत. त्याच वर्षी उपग्रह-टॅग लावलेल्या ससाण्यांना ‘नागा’, ‘पांगती’ आणि ‘वोखा’ अशी तिथलीच नावं दिली गेली. सैबेरिया, मंगोलियाकडून दक्षिण आफ्रिकेकडे निघालेले हे पक्षी आपल्या सह्याद्रीवरूनही अरबी समुद्रावर झेपावतात.

निसर्गपटांचे महोत्सव जुनेच आहेत. ब्रिस्टलचा ‘वाइल्डस्क्रीन’ १९८२ पासूनचा, दिल्लीचा ‘वातावरण’ २००२ पासूनचा. पुण्याच्या ‘किर्लोस्कर वसुंधरा’ने तर असे चित्रपट महाराष्ट्रातल्या लहान शहरांपर्यंत नेले. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सभागृहं बंद पडली आणि त्याच वर्षी आपल्या पाचगणीतून ‘ऑल लिव्हिंग थिंग्ज’ हा पर्यावरणपट महोत्सव ऑनलाइन सुरू झाला. घरात अडकलेल्या माणसांना जगभरचे पर्यावरणपट घरबसल्या पाहता आले.

अशा महोत्सवात जगभरातून चित्रपट मागवले जातात, निवड समिती ते पाहते आणि ठरावीक दिवसांसाठी ते प्रेक्षकांना खुले होतात. काही चित्रपट ठरावीक देशातच दिसतात, कारण प्रदर्शनाचे हक्क तसे दिलेले असतात. लघुपटांचा इथे विशेष फायदा होतो. चित्रपटगृहात वीस मिनिटांच्या चित्रपटासाठी तिकीट काढून कोण जाणार? ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ सुमारे चाळीस मिनिटांचा. हत्तीची पिल्लं सांभाळणाऱ्या मुदुमलाईच्या बोम्मन आणि बेल्ली यांची ती गोष्ट २०२३ मध्ये ऑस्कर घेऊन आली, ती आपल्यापैकी बहुतेकांनी घरच्या पडद्यावरच पाहिली.

तरीही मला एक उणीव सतत खटकते. यातले बहुतेक चित्रपट इंग्रजीत किंवा इंग्रजी उपशीर्षकांसह असतात. ज्या मच्छीमाराच्या, मेंढपाळाच्या, धनगरवाड्यावरच्या माणसाच्या आयुष्याशी त्यांचा संबंध आहे, त्याला ते कळतच नाहीत. मराठी उपशीर्षकं देणं अवघड काम नाही. भाषा जाणणारी चार तरुण मुलं मनावर घेतील, तर एखाद्या लघुपटाचं काम थोड्या दिवसांत होऊ शकतं. आसाममध्ये तेजपूरला रिता बॅनर्जी यांनी २०१५ मध्ये ‘ग्रीन हब’ सुरू केलं. तिथे ईशान्येकडची मुलं कॅमेरा हाती घेऊन आपल्याच गावाचं रान टिपायला शिकतात. कोकणात, मेळघाटात, गडचिरोलीत अशी केंद्रं हवीत, कारण आपल्या भागातली गोष्ट बाहेरून आलेल्या चमूपेक्षा तिथल्या मुलांनाच जास्त ठाऊक असते.

शिवाय ऑनलाइन महोत्सव म्हणजे प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर एकट्याने पाहायचा, असं नाही. एकत्र पाहिल्यावर जी चर्चा होते, ती एकट्याने पाहून होत नाही. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या सभागृहात किंवा शाळेत एक प्रोजेक्टर लावा. परवानगी लागत असेल तर आयोजकांकडून ती आधी घ्या. दोन-तीन लघुपट दाखवा आणि त्यानंतर तुमच्या नदीबद्दल, टेकडीबद्दल, खाडीबद्दल बोलायला गावातल्याच जाणकार माणसाला बोलवा.